वाऱ्यात टॉवर क्रेन आपोआप का फिरते? आणि ती एवढ्या वर चढते-उतरते कशी?

प्रश्न: आमच्या बिल्डिंगसमोर ४० मजली टॉवरचं काम चालू आहे. रात्री काम बंद असतं, केबिनमध्ये अंधार असतो, तरी वारा सुटला की क्रेनचा लांब हात हळूहळू फिरायला लागतो. ब्रेक लावायला विसरतात का? आणि एवढी अवजड क्रेन वर गेली कशी, काम झाल्यावर खाली कशी आणणार?

विसरत नाहीत. मुद्दाम ब्रेक सोडून घरी जातात.

मी अकरा वर्षं ठाणे-मुंबईच्या साइटांवर प्लँट अँड मशिनरी बघते. क्रेन, मटेरियल होइस्ट, काँक्रीट पंप, जनरेटर, सगळं माझ्या गळ्यात. तुमचा पहिला प्रश्न मला दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. एका पावसाळ्यात रात्री साडेअकराला वॉचमनचा फोन आला, "मॅडम, समोरच्या सोसायटीतले काका आलेत, म्हणतात क्रेनला कुलूप लावा." काका रेनकोट घालून, मोबाइलवर व्हिडिओ काढून आले होते. त्यांना समजावायला अर्धा तास लागला. तेच इथे जरा सावकाश लिहिते.

क्रेनचा उभा जाळीदार खांब म्हणजे मास्ट, आणि त्याच्या माथ्यावर दोन हात असतात. पुढचा लांब, त्याला जिब म्हणतात, साइटवर सगळे बूमच म्हणतात. तो ५० मीटर, कधी ६० मीटर. मागचा आखूड, बारा-तेरा मीटरचा, आणि त्याच्या टोकाला काँक्रीटचे ठोकळे टांगलेले. हे ठोकळे म्हणजे काउंटरवेट. ते पुढचं सगळं वजन तोलत नाहीत. हूकला काही नसताना आणि पूर्ण माल असताना, या दोन्हींच्या साधारण मधे कुठेतरी तोल साधेल असे ते ठरवलेले असतात. म्हणजे रिकामी क्रेन कायम किंचित मागे कललेली असते आणि पूर्ण माल उचलला की पुढे झुकते. थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून मास्टचा ओळंबा बघताना आम्ही आधी ठरलेलं वजन ठरलेल्या अंतरावर टांगून तिला तोलात आणतो. नाहीतर सरळ उभी असलेली क्रेनसुद्धा वाकडी दिसते.

आता वारा आणा. लांब हातावर वारा जास्त लागतो, आखूड हातावर कमी. ब्रेक मोकळा असेल तर देवळाच्या शिखरावरच्या झेंड्यासारखी जिब वारा जिकडे चाललाय तिकडे तोंड करून थांबते. त्या स्थितीत वारा क्रेनला पुढे ढकलतो आणि मागचे ठोकळे तिला मागे ओढतात. दोघं एकमेकांचा जोर खातात. ब्रेक लावून ठेवला आणि नेमका जिबच्या समोरून वारा आला, तर वारा मागे ढकलणार आणि ठोकळेही मागेच ओढणार. भलत्याच दिशेला ढकलणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला आपणच बोलावून घेतल्यासारखं ते होईल.

म्हणून संध्याकाळी उतरायच्या आधी ऑपरेटर हूक रिकामा करतो, वर ओढून घेतो, ट्रॉली (जिबखाली पुढे-मागे धावणारी, हूक टांगलेली गाडी) मास्टच्या जवळ आणतो आणि स्ल्यूइंग, म्हणजे क्रेनचं फिरणं, ब्रेक काढून फ्री सोडतो. हे झालं नसेल तर मी त्याला शिडीवरून परत वर पाठवते, मग खाली कितीही शिव्या पडोत. काही क्रेनची जिब वरखाली होते, तिला लफिंग क्रेन म्हणतात. शेजारच्या इमारतींवरून हात फिरवता येत नाही अशा दाटीच्या जागी ती वापरतात. तिची जिब रात्री पुस्तिकेत दिलेल्या कोनातच ठेवायची असते. अगदी उभी करून ठेवली तर वारा पकडायला पुरेसं अंग उरत नाही आणि ती फिरतच नाही.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमीचा वारा ८० झाला तर धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. बऱ्याच क्रेनच्या पुस्तिकेत काम थांबवायची मर्यादा ताशी ७२ किमी असते. आम्ही त्याच्या बरंच आधी थांबवतो, कारण हूकला शटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचं, मोठं पॅनल असेल तर ते शिडासारखं फुगतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किमीचा झोत नोंदला गेला. त्या दिवशी साइटवर आम्ही चौघंच होतो. कंटेनर ऑफिसच्या खिडकीतून दोन्ही क्रेनकडे बघत बसलो होतो. दोघी एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या, वारा किंचित वळला की दोघी किंचित वळत होत्या. आयुष्यात एवढं समाधान क्वचित मिळालंय.

एका बिल्डरला मागच्या हातावर आपल्या नावाचा भलामोठा फ्लेक्स हवा होता, वीस फूट लांब. मी नाही म्हटलं. मागच्या हाताचं अंग वाढवलं की झेंड्याचा हिशेबच बिघडतो. त्यावरून झालेली मीटिंग क्रेन उभी करायला लागते त्यापेक्षा जास्त वेळ चालली. शेवटी पुस्तिकेत बसेल एवढी छोटी पाटी लागली आणि माझं नाव 'प्रॉब्लेम मॅडम' पडलं.

क्रेन किती टनाची, असं लोक विचारतात. त्याला एक आकडा नसतोच. वजन गुणिले अंतर, हा खरा हिशेब. जी क्रेन १३ मीटरवर ५ टन उचलते तीच ५० मीटरवर जेमतेम १.३ टन उचलेल. दोन्हीकडे गुणाकार ६५ टन-मीटर. जिबवर ओळीने ज्या छोट्या पाट्या दिसतात त्या अंतराच्या आहेत. मर्यादा ओलांडायला लागली की आधी घंटा वाजते, मग ट्रॉली पुढे जात नाही आणि माल वर जात नाही. ट्रॉली मागे घेता येते, माल खाली सोडता येतो. ही व्यवस्था वायर मारून बंद करणारे महाभाग असतात. तसं सापडलं की मी त्या दिवशी क्रेनच बंद ठेवते.

ऑपरेटरबद्दल थोडं लिहिते, कारण खालून फक्त काचेची डबी दिसते. आमचा ऑपरेटर गोरखपूरकडचा आहे. सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि एक रिकामी बाटली पिशवीत घालून शिडी चढतो. रिकामी बाटली कशाला ते तुम्ही ओळखलं असेलच. त्याची खरी करामत उचलण्यात नाही, झोका मोडण्यात आहे. ६० मीटर दोर सोडलेला असताना मालाचा एक झोका पुरा व्हायला १५ सेकंदांच्या वर लागतात. नवखा माणूस उलट दिशेला ट्रॉली नेतो आणि झोका वाढवून ठेवतो. हा मात्र माल पुढे गेला की ट्रॉली त्याच्यामागे नेऊन बरोबर डोक्यावर उभी करतो आणि माल तिथेच शांत होतो. म्हैस खुंट्याकडे येताना आपण दावं सैल सोडत जातो ना, तसं.

बऱ्याचदा त्याला माल दिसतच नाही. इमारतीच्या पलीकडे स्लॅबवर सिग्नलमन असतो आणि वॉकीटॉकीवर त्याचा आवाज. आमच्याकडे वर घ्यायला 'हापेस' आणि खाली सोडायला 'आरिया' म्हणतात. हे शब्द बंदरातल्या खलाशांकडून आलेत. 'आरिया'च्या मुळाशी पोर्तुगीज 'आरियार' आहे, म्हणजे खाली सोडणं. सिव्हिलची पोरं पहिल्या दिवशी हसतात, आठवड्याने स्वतःच "आरिया, आरिया, हळू आरिया" ओरडत असतात. सिग्नलमनने सलग बोलत राहायचं असतं. आवाज तुटला की थांबायचं. "थांब" ऐकू येण्याची वाट बघायची नाही.

आता चढण्याचं. सुरुवातीला रस्त्यावरून चालणारी मोबाइल क्रेन आणून टॉवर क्रेन साधारण ४०-५० मीटरपर्यंत उभी करतात. तिचा पाया म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. आमच्या एका साइटवर तो ६ मीटर बाय ६ मीटर, दीड मीटर जाड होता, म्हणजे साधारण १३५ टन. मास्टचे चार पाय त्यातच ओतलेले असतात. त्यापुढे क्रेन स्वतःच स्वतःला वाढवते.

मास्टच्या वरच्या भागाभोवती एक पोलादी पिंजरा असतो, आम्ही त्याला केज म्हणतो. त्यात हायड्रॉलिक जॅक. क्रेन नवा तुकडा, समजा तीन मीटरचा, स्वतःच्याच हूकने उचलून केजच्या तोंडाशी असलेल्या रुळावर टांगून ठेवते. मग हूकला आणखी एक वजन घेऊन ट्रॉली पुढे-मागे करत तोल साधतात. त्यानंतर केबिनखालचे बोल्ट काढतात. या क्षणी जिब, केबिन, काउंटरवेट, सगळं डोकं धडापासून सुटलेलं असतं आणि फक्त केज आणि जॅकवर उभं असतं. जॅक डोकं वर उचलतो, मधे फट पडते, फटीत नवा तुकडा सरकवतात, बोल्ट कसतात.

मी पहिल्यांदा वर जाऊन हे बघितलं तेव्हा मला वाटलं होतं सगळ्यांचं लक्ष जॅककडे असेल. फोरमन जॅककडे बघतच नव्हता. तो केजचे रोलर आणि मास्ट यांच्यातली फट बघत होता. एका बाजूची फट बोटभर, दुसरीकडची नाही, म्हणजे तोल बिघडलाय. "ट्रॉली थोडी बाहेर. अजून. बस." चारही बाजूंना फट सारखी झाली तेव्हाच त्याने पंपवाल्याला मान हलवली. या सगळ्या वेळात क्रेन फिरवायची नाही, एक अंशसुद्धा नाही. म्हणून हे काम पहाटे, वारा पडलेला असताना. एक तुकडा चढायला तास-दीड तास जातो, त्यात निम्मा वेळ नुसतं बघण्यात.

उंची वाढली की मास्टला इमारतीशी बांधावं लागतं. मास्टभोवती पोलादी कॉलर आणि तिथून स्लॅबपर्यंत आडवे दांडे. दर वीसेक मीटरवर एक. तुमच्या समोरच्या क्रेनला ते दिसत असतील. न्यूयॉर्कमध्ये १५ मार्च २००८ ला मॅनहॅटनच्या ईस्ट ५१ व्या रस्त्यावर अशीच कॉलर बसवताना ती ज्या पट्ट्यांवर टांगली होती त्या तुटल्या. कॉलर मास्टवरून घसरत खालच्या कॉलरवर आदळली, आधार सुटला आणि क्रेन पडली. सात माणसं गेली. क्रेन तेव्हा माल उचलत नव्हती. मी पट्टे रोज सकाळी स्वतः बघते, शिलाई उसवलेली दिसली की तिथेच कापून टाकते, म्हणजे कुणी 'आजच्या दिवस' वापरणार नाही.

आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ ला समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ 'क्रेन कोसळली' अशा बातम्या आल्या, २० कामगार गेले. ती टॉवर क्रेन नव्हती. पुलाचे गर्डर बसवणारा लाँचर होता, यंत्र वेगळं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या पोरांच्या घरून फोन आले होते.

उतरवणं हे चढवण्याच्या उलट, पण एक मोठा फरक आहे. चढताना जिब इमारतीच्या वर मोकळी असते. उतरताना इमारतच आडवी येते. म्हणून जिब भिंतीला समांतर धरूनच एकेक तुकडा काढत खाली यावं लागतं, फिरायला जागाच नाही. ती कुठे उतरणार, मोबाइल क्रेन कुठे उभी राहणार, रस्ता कुठला बंद करावा लागणार, हे क्रेन उभी करायच्या आधी ठरवावं लागतं. एका ठिकाणी ते ठरवलं नव्हतं आणि क्रेन व क्लबहाउस समोरासमोर आले. क्लबहाउसचा कोपरा तोडावा लागला.

खाली आल्यावर आधी बरेचसे काउंटरवेट उतरवतात, मग जिब, मग उरलेले ठोकळे. क्रम चुकवायचा नाही, तोल इथेही आहेच. सिॲटलमध्ये २७ एप्रिल २०१९ ला क्रेन उतरवताना मास्टच्या जोडांच्या पिना एकेक करून काढायच्या सोडून आधीच काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला आणि क्रेन रस्त्यावर पडली. चौघं गेले, त्यातले दोघं खाली रस्त्यावर गाडीत होते. तिथे वाचलेला वेळ फार तर काही तासांचा असेल.

दुसरा प्रकार पोटातली क्रेन. ती बाहेर नसते, इमारतीच्या आत लिफ्टच्या खड्ड्यात उभी असते आणि मजले होतील तशी स्वतःला वर ओढून घेते. मास्ट लांबवावा लागत नाही. पण शेवटी ती गच्चीवर अडकते. मग तिच्याकडूनच गच्चीवर एक छोटी डेरिक क्रेन उचलून घेतात. ती डेरिक मोठ्या क्रेनचे तुकडे करून खाली सोडते. मग त्याहून छोटी डेरिक येते, ती पहिलीला उतरवते. शेवटची एवढी लहान असते की तिचे भाग माणसं उचलून लिफ्टने खाली आणतात. कधीकधी त्याच खड्ड्यात नंतर बसवलेल्या लिफ्टने.

तुमच्या समोरची क्रेन बाहेरची आहे, म्हणजे ती आली तशी जाईल. एखाद्या रविवारी सकाळी रस्ता बंद दिसेल, ट्रेलरची रांग लागेल आणि दोन-तीन दिवसांत आकाश मोकळं होईल. पाया मात्र कुणी काढत नाही. मास्टचे पाय गॅस कटरने कापतात, वर माती आणि फरशी येते. आमच्या त्या १३५ टनांच्या ठोकळ्यावर आता व्हिजिटर पार्किंग आहे.