गेज कायम अर्ध्यावरच का थांबतो (उत्तर लांबलंय, माफी असावी)

तुमची पोस्ट वाचून महापेची जुनी नोकरी आठवली. साहेबांना डॅशबोर्डवर 'गाडीच्या मीटरसारखं' काहीतरी हवंय, तुम्ही पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) गेज, म्हणजे अर्धगोल कमानीचा चार्ट, टाकलात, आणि डिस्पॅच ३०० टन असो नाहीतर ४१२, कमान अर्धीच भरते. कारण साधं आहे. कमाल किंमत दिली नाही, तर पॉवर बीआय आजच्या आकड्याची दुप्पट कमाल धरतं. ३०० ला ६००, ४१२ ला ८२४. मग अर्ध्यावर नाही तर कुठे थांबणार? कमाल आकडा द्या, गेज हलायला लागेल.

पण तो आकडा आणायचा कुठून? आमचं घोडं अडलं ते इथेच.

मुख्य कार्यालयातल्या प्लॅनिंगवाल्यांना मी विचारलं होतं की कमाल म्हणून काय धरायचं: मशिनची क्षमता, बजेटचं टार्गेट, की आजवरचा सर्वांत चांगला महिना? आणि लाल कुठे संपतो, हिरवा कुठे सुरू होतो? उत्तर आलं, 'मागच्यासारखंच ठेवा.' मागचं म्हणजे कुठल्याशा टेम्पलेटमधल्या ६० आणि ८० टक्क्यांच्या रंगांच्या हद्दी, ज्यांना बाप ना माय. पुन्हा मेल केली, तर 'नोंद घेतली'. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. तिमाहीभर आमचा प्लांट स्क्रीनवर लाल दिसत होता, कारण गेज क्षमतेवर मोजत होता आणि टार्गेट मुळातच क्षमतेपेक्षा बरंच खाली होतं. बजेट पूर्ण करूनही माणसं रिव्ह्यूमध्ये बोलणी खात होती. शेवटी तेच लोक म्हणाले, 'आम्ही क्षमतेवर कधी मोजतच नव्हतो.' मग मेलला दोन ओळींचं उत्तर द्यायला काय जात होतं? तोवर शिफ्टवाल्यांनी त्या स्क्रीनकडे बघणंच सोडलं होतं, आणि नंतर आकडे दुरुस्त करूनही ते परत बघेनात.

म्हणून सांगतो, कमाल, टार्गेट आणि रंगांच्या हद्दी संबंधितांकडून लेखी घ्या. ते देत नसतील तर रंग लावूच नका, एकरंगी कमान ठेवा. साहेब कुरकुरतील, कुरकुरू द्या.

किमान किंमतही तपासा. शून्य सगळीकडे चालतं असं नाही. नवी मुंबईचं मोरबे धरण ८८ मीटरला भरतं. ८० मीटर पातळी शून्य ते ८८ च्या गेजवर टाकली, तर धरण नव्वद टक्के भरल्यासारखं दिसेल. पण धरण खाली अरुंद आणि वर पसरट असतं, त्यामुळे प्रत्यक्ष साठा त्याहून बराच कमी असतो. टाकीची पातळी, तापमान यांचंही असंच, मोजताय काय ते आधी ठरवा. आणि तक्रारी किंवा मशिन बंद राहण्याचा वेळ दाखवायचा असेल तर हिरवा डावीकडे घ्या, कारण तिथे आकडा कमी तेवढा चांगला.

एक्सेलमध्ये तयार गेज नाही. डोनट चार्टवर पाय चार्ट (pie) चढवून गेज बनवायची कसरत यूट्यूबवर ढिगाने सापडेल, इथे लिहीत नाही. फक्त १०० च्या वर आकडा गेला की काटा उजवीकडून जमिनीखाली शिरतो, त्यामुळे 'मिन' (MIN) फॉर्म्युला लावून त्याला १०० वर अडवा. मग १०४ आणि १३० सारखेच दिसतात, म्हणून खरा आकडा खाली छापा. गूगल शीट्समध्ये गेज तयार मिळतो.

माझं वैयक्तिक मत (मी विश्लेषक वगैरे नाही, एमआयएसवाला, म्हणजे कंपनीचे रिपोर्ट बनवणारा आहे): एका पानावर एकापेक्षा जास्त गेज नकोत. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की कोनापेक्षा एकाच पट्टीवरची जागा डोळ्याला अचूक वाचता येते. पाच विभागांची तुलना करायची असेल तर डॅशबोर्ड डिझाइनवर लिहिणारे स्टीफन फ्यू यांचा बुलेट ग्राफ (गेजऐवजी सरळ पट्टी) वापरा. तेवढ्याच जागेत सगळे मावतात, टार्गेटची रेघही दिसते. तुमच्या कंपनीची पद्धत वेगळी असेल तर हे सोडून द्या.

आणि हो, साहेब प्रिंट काढून मीटिंगला नेणारे असतील तर आधी काळी-पांढरी प्रिंट काढून बघा. आमच्या प्रिंटरवर लाल आणि हिरवा दोन्ही एकाच राखाडीत यायचे.