शेजारी आग लागली असताना अग्निशमन दल आमचे बंद घर फोडू शकते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शेजारच्या घराला आग लागली तेव्हा आपण बाहेर होता. दलाने आपल्या घराचे कुलूप तोडून आत प्रवेश केला, छताखालचे आच्छादन उचकटले आणि एक खिडकी फोडली. आपण धावत पोहोचलात, तेव्हा कागदपत्रे घेण्यापुरतेही आपल्याला आत जाऊ दिले नाही. त्याआधी पाणी मारायचे सोडून अधिकारी इमारतीभोवती फेरी मारत होते, असे शेजाऱ्यांनी आपल्याला सांगितले. हे सर्व करण्याचा अधिकार त्यांना आहे का, असे आपण विचारले आहे.

होय, आहे. मी स्वतः अग्निशमन दलात अधिकारी म्हणून काम केले असल्यामुळे हे उत्तर एकतर्फी वाटण्याचा संभव आहे, म्हणून दलाचा अधिकार कोठे संपतो हेही सांगतो. तो अधिकार अधिकाऱ्याच्या पदापेक्षा आगीच्या त्या घटकेला बांधलेला असतो: आग चालू असेपर्यंत तो अतिशय व्यापक असतो आणि आग विझल्यावर झपाट्याने आक्रसतो. कायदा असा का घडला हे समजण्यासाठी आग कशी वागते ते आधी पाहावे लागेल.

प्रथम त्या फेरीविषयी. आगीची वर्दी मिळून गाडी घटनास्थळी पोहोचली की जवान होज, म्हणजे पाण्याचे लवचिक पाइप, पसरून पंपाला जोडू लागतात आणि त्याच अवधीत प्रमुख अधिकारी शक्य असेल तर इमारतीच्या चारही बाजू पाहून घेतो. धूर कोणत्या रंगाचा आहे यापेक्षा तो किती जोराने बाहेर पडतो आहे, खिडक्यांच्या काचा काळवंडल्या आहेत का, वारा कोणत्या दिशेचा आहे, वीज आणि गॅस कोठून तोडता येईल, मागच्या बाजूला कोणी खिडकीत उभे आहे का, या गोष्टी त्याला त्या दोन-तीन मिनिटांत ठरवायच्या असतात. समोरून किरकोळ दिसणारी आग मागच्या बाजूने वरच्या मजल्यावर पोहोचलेली असते, हा अनुभव इतक्या वेळा येतो की फेरी न मारता सरळ आत घुसणाऱ्या अधिकाऱ्याला मी तरी शूर म्हणणार नाही, उतावळा म्हणेन. क्रम ठरलेला असतो: आधी माणसे, मग आगीचा फैलाव रोखणे, मग प्रत्यक्ष विझवणे आणि शेवटी मालमत्ता वाचवणे. आपले घर या क्रमात दुसऱ्या पायरीवर आले, म्हणजे आग पोहोचण्यापूर्वी तपासायची जागा म्हणून.

आजच्या घरातील सामानात फोम आणि प्लॅस्टिक इतके असते की बंद खोलीत जळण्याजोगा माल मुबलक राहतो आणि कमी पडतो तो प्राणवायू. अशी आग धुमसत, दबून बसते. खोलीत साचलेला काळा धूर हा केवळ कचरा नसतो. तो न जळलेला, तापलेला इंधनवायू असतो. दार उघडले की हवा आत शिरते आणि दबलेली आग काही क्षणांत भडकते. छताजवळच्या वायूंचे तापमान साधारण 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत चढले की त्यांच्या आचेने खोलीतील उघड्या असलेल्या जवळजवळ सर्व वस्तू एकदम पेट घेतात. यालाच आम्ही फ्लॅशओव्हर म्हणतो, आणि त्यात पूर्ण पोशाखातील जवानही फार वेळ टिकू शकत नाही. प्राणवायू अगदी संपत आलेल्या कोंडलेल्या खोलीत अचानक हवा गेली तर स्फोटासारखा भडका उडतो, तो बॅकड्राफ्ट.

त्यामुळे दार उघडणे हे स्वतंत्र काम मानले जाते. होजमध्ये पाणी भरून तयार असल्याशिवाय दार उघडायचे नाही, उघडण्यापूर्वी ते वरच्या भागात किती तापले आहे याचा अंदाज घ्यायचा, मग थोडेच उघडून आतील धुरात बारीक तुषारांचे छोटे फवारे मारायचे आणि दार पुन्हा ओढून घ्यायचे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे 1700 पट वाढते. याच गुणामुळे थोडे पाणी धूर थंड करते, आणि याच गुणामुळे अविचाराने मारलेले पाणी ब्रांच (होजच्या टोकाची तोटी) धरलेल्या जवानालाच वाफेने भाजते. खिडकी फोडणे हाही याच हिशेबाचा भाग आहे. धुराला आणि उष्णतेला ठरावीक दिशेने वाट करून दिली तर आत शिरणाऱ्या जवानांसमोरचे तापमान उतरते; पाणी तयार नसताना किंवा चुकीच्या बाजूची खिडकी फोडली तर आगीला हवाच मिळते. म्हणून काच कोणी, केव्हा आणि कोणत्या बाजूची फोडायची हे प्रमुख अधिकाऱ्याच्या हुकमानेच ठरले पाहिजे. जमलेल्या लोकांनी मदतीच्या भावनेने दगड मारून काचा फोडू नयेत, असे आम्ही ओरडून सांगतो ते यामुळे.

आपले छत उचकटण्याचे कारण बहुधा वेगळे असावे. आग खोलीतून खोलीत दारानेच जाते असे नाही. छताच्या आच्छादनावरची पोकळी, वायरींचे मार्ग, नळांच्या उभ्या पोकळ्या यांतून ती शेजारच्या घरात गुपचूप पोहोचते आणि समोरची आग विझल्यावर तासाभराने भलतीकडूनच धूर येऊ लागतो. उष्णता दाखवणारा कॅमेरा भिंतीवरचा गरम डाग दाखवतो, पण आच्छादनाच्या आत निखारा आहे की नाही याची खात्री पुष्कळदा ते उघडूनच करावी लागते.

आता आपल्याला आत न सोडण्याविषयी. आगीत बहुतेक माणसे ज्वालांपेक्षा धुरामुळे दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वास नाही. फोम जळताना हायड्रोजन सायनाइडही निर्माण होतो. आत जाणारा जवान पाठीवरच्या सिलिंडरमधील हवेवर श्वास घेतो. तो कोण, किती वाजता आणि किती दाबाचे सिलिंडर घेऊन आत गेला याची नोंद बाहेरच्या फलकावर होते, आणि हवा संपत आली की त्याच्या संचाची शिट्टी वाजू लागते. या हिशेबात नसलेला एकही माणूस आत गेला की त्याला शोधण्यासाठी आणखी माणसे आत घालावी लागतात. 3 डिसेंबर 1999 रोजी अमेरिकेतील वुस्टर शहरात एका ओसाड शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसे असावीत या माहितीवरून दोन जवान शोधासाठी गेले आणि खिडक्या नसलेल्या त्या इमारतीत वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चार जण परतले नाहीत. ज्यांच्यासाठी शोध चालू होता ती माणसे केव्हाच बाहेर पडली होती. म्हणून आपल्या घरात कोणी नव्हते, ही माहिती त्या क्षणी अधिकाऱ्याला देणे हे आपल्या हातातील सर्वांत मोलाचे काम होते. आपण ते केले असेल, तर आपण अनेकांचा जीव धोक्यातून काढला.

रस्ता बंद करून दूरच्या लोकांनाही हटवले जाते, त्यामागे सिलिंडर आणि टाक्यांचा धोका असतो. द्रवरूप वायूच्या टाकीचा खालचा भाग आतील द्रवामुळे काहीसा थंड राहतो, पण ज्या भागात फक्त वायू आहे तेथील पत्र्याला आच लागली की तो मऊ होतो. मग सुरक्षा झडप उघडी असूनही टाकी फाटू शकते. अ‍ॅरिझोनातील किंगमन येथे 5 जुलै 1973 रोजी प्रोपेनची रेल्वे टाकी अशीच फुटली आणि अग्निशमन दलाचे 11 जण मृत्यू पावले. अ‍ॅसिटिलीनचे तापलेले सिलिंडर तर बाहेरची आग विझल्यावरही आतल्या आत विघटन चालू राहून फुटू शकते, त्यामुळे ते दीर्घकाळ थंड करत राहावे लागते.

कायद्याकडे वळताना 1666 ची लंडनची आग आठवते. सप्टेंबरमधील त्या आगीच्या पहिल्याच रात्री पुढची घरे पाडून मोकळी पट्टी तयार करावी अशी सूचना झाली होती, परंतु मालकांच्या संमतीवाचून घरे पाडली तर भरपाई कोण देणार या विवंचनेत महापौर थॉमस ब्लडवर्थ यांनी निर्णय टाळला. अखेर राजाज्ञा आली, पण तोवर आग हाताबाहेर गेली होती आणि सुमारे 13,200 घरे जळाली. संमतीची वाट पाहणे परवडत नाही ही गोष्ट तिथे फार महागात पडून शिकली गेली. कॅलिफोर्नियातही असा प्रश्न न्यायालयापुढे आला. 1849 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत लागलेल्या आगीत नगरप्रमुख गेअरी यांनी सुरोको नावाच्या गृहस्थाचे घर सुरुंगाने उडवले, आणि मालक त्या वेळी सामान बाहेर काढत होता. 1853 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आगीचा फैलाव रोखण्यासाठी खरोखर आवश्यक असताना घर पाडणाऱ्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येणार नाही. भरपाईची व्यवस्था करायची असेल तर ती विधिमंडळाने करावी.

पुढे कायदेमंडळांनी हे अधिकार कलमांत बांधले. इंग्लंड आणि वेल्सच्या 2004 च्या कायद्यानुसार आग लागली आहे किंवा लागण्याच्या बेतात आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास अधिकृत कर्मचारी गरज पडल्यास बळ वापरून आणि मालकाच्या संमतीशिवाय जागेत शिरू शकतो, वाहन हलवू किंवा फोडू शकतो, रस्ता बंद करू शकतो आणि लोकांना आत जाण्यापासून रोखू शकतो. भारतातील राज्यांच्या कायद्यांतही अडथळा आणणाऱ्यास हटवणे, रस्ता बंद करणे, होज नेण्यासाठी जागा फोडणे किंवा पाडणे, दाब वाढवण्यासाठी इतर भागाचा पाणीपुरवठा बंद करणे असे अधिकार आढळतात.

हे अधिकार एकाच हातात का हवेत, याचे दुःखद उदाहरण मुंबईचेच आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाज बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे की पाणी मारत राहावे, यावर कप्तान, बंदराचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार आणि अग्निशमन अधिकारी यांचे एकमत होईना, आणि सर्वांवर बंधनकारक हुकूम देईल असा कोणी तिथे नव्हता. दुपारी चारनंतर जहाज फुटले. मृतांत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण होते. 14 एप्रिल हा दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ.

आता मर्यादा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली मिशिगन राज्य विरुद्ध टायलर या खटल्यात रेषा नेमकी आखली: जळत्या इमारतीत शिरायला वॉरंट लागत नाही, आग विझल्यावर कारण शोधण्यासाठी वाजवी वेळ थांबता येते, रात्री धुरामुळे थांबलेला तपास सकाळी पुढे चालवता येतो, परंतु त्यानंतर आठवड्यांनी वॉरंटशिवाय आत जाऊन गोळा केलेला पुरावा चालणार नाही. इंग्लंडच्या कायद्यातही केवळ तपासासाठी राहत्या घरात जायचे असेल तर 24 तासांची लेखी सूचना द्यावी लागते आणि त्या अधिकारात बळ वापरता येत नाही. प्रतिबंधात्मक तपासणीचे अधिकार हा वेगळाच विषय आहे. उदाहरणार्थ, महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतील आगविरोधी यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे आणि परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, देणे बंधनकारक केले आहे. धोका निकट असल्यास जागा रिकामी करवून घेण्याचा अधिकारही त्यात आहे, पण ती नोटिशीच्या वाटेने चालणारी कार्यवाही आहे, कुलूप तोडण्याची मुभा नव्हे.

अधिकार आहे म्हणून चूक माफ होते असेही नाही. 1997 साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आलेल्या हॅम्पशायरच्या प्रकरणात अधिकाऱ्याने आग पूर्ण विझण्याआधीच स्प्रिंकलर (छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) बंद करायला लावले आणि इमारत गेली. दलाने परिस्थिती स्वतः बिघडवली म्हणून न्यायालयाने त्याला जबाबदार धरले. त्यामुळे आपण तक्रार करणार असाल तर ‘कुलूप का तोडले’ हा प्रश्न टिकणार नाही. ‘आग माझ्या घराकडे सरकण्याची कोणती लक्षणे होती’, ‘खिडकी फोडली तेव्हा होजमध्ये पाणी होते का’, ‘तुटलेल्या दाराने घर कोणाच्या ताब्यात सोडले’ हे प्रश्न विचारा. त्यांची उत्तरे दलाच्या नोंदींत असायला हवीत.

नुकसानभरपाईसाठी दलापेक्षा विम्याचा मार्ग सोपा आहे. लंडनच्या दलासाठी केलेल्या 1865 च्या कायद्यातच अशी तरतूद होती की दलाने कर्तव्य बजावताना केलेले नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीनेच झालेले नुकसान समजावे; पुढे अनेक कायद्यांनी तीच उचलली. आपल्या पॉलिसीत तसा उल्लेख पाहा, सामान हलवण्यापूर्वी छत, खिडकी आणि कुलपाची छायाचित्रे काढा, दलाकडून आगीच्या अहवालाची प्रत लेखी अर्ज करून मागा आणि पाण्याने भिजलेले सामानही दाव्यात धरा. छतातील वायरिंग भिजले असेल, तर जाणकाराने तपासेपर्यंत मुख्य स्विच चालू करू नका.