डाळिंबावरचे ठिपके तेल्याचेच का, आणि आता काय करायचं?

दादा, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलवलेलं पीक) धरलेल्या तुमच्या भगवा जातीच्या डाळिंबावर ठिपके आलेत, दुकानदार बुरशी म्हणतोय आणि शेजारी तेल्या रोग. फोटो बघून मला शेजाऱ्याचं पटतंय, पण खात्री बागेतच करा. पान तोडून उजेडाकडे धरा. तेल्याचा कोवळा ठिपका तेलकट आणि अर्धपारदर्शक दिसतो, पुढे तो तपकिरी होऊन भोवती पिवळं कडं येतं. बुरशीच्या ठिपक्याला हा तेलकटपणा नसतो. फळावर डाग वाढला की त्यात इंग्रजी एल किंवा वायसारखी भेग पडते. आणि फांद्यांची पेरं जरूर बघा. तिथे काळपट खोलगट चट्टा असेल तर फांदी त्याच जागी मोडते. बहुतेक जण पानंच बघतात, पण पुढच्या बहाराला रोग या पेरांतूनच येतो.

तेल्या झॅन्थोमोनास जिवाणूमुळे होतो, त्यामुळे कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे फवारे मारून पैसे जातील, रोग राहील. ढगाळ, दमट हवा, वाऱ्यासोबतचा पाऊस, न धुतलेली कात्री, रोगट बागेतली गुटी कलमं (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली रोपं), एवढं त्याला पुरतं.

आत्ता फवारणीआधी स्वच्छता. रोगट फळं आणि पानं गोळा करा, फांद्या चट्ट्याच्या दोन इंच खालून कापा आणि सगळं बागेबाहेर जाळा. बांधावर ढीग ठेवू नका. झाडं ओली असताना मजूर आत पाठवू नका. प्रत्येक झाडानंतर कात्री अडीच टक्के सोडियम हायपोक्लोराईटमध्ये बुडवा. मजूर कंटाळतात, तरी आग्रह धरा. पाऊस उघडला की कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम घ्या. प्रतिजैविकाचे फवारे वरचेवर मारायला माझा ठाम विरोध आहे. जिवाणू त्याला दाद देईनासा होतो.

खरी लढाई मात्र फळं उतरल्यावरची. बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्या. छाटणी करून कापांना 10 टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, मग 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 100 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत वेगवेगळं भिजवा. तयार मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी वाढवा, नाहीतर पालवी करपेल. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पुढचा बहार हस्त (सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलवलेला) धरा, असं मी आग्रहाने सांगेन. सप्टेंबरच्या पावसात ताण (फुलं येण्यासाठी पाणी तोडणं) नीट बसत नाही, उन्हाळ्यात पाणीही लागतं, या अडचणी खऱ्या आहेत. पण फळ कोरड्या हवेत पोसतं. मृगात ते ऐन पावसात सापडतं आणि तेल्या येऊन गेलेल्या बागेत तो धोका मी घेणार नाही. पाण्याची सोय किती महिन्यांची आहे ते कळवा, त्यावरून ताण कधी द्यायचा ते ठरवू.