सतरा हजार पळालेली स्नोमोबिल घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात, उत्तर ओंटारियोतल्या टिमिन्सला खाणीतली नोकरी पक्की झाली, सप्टेंबरात निघताय, वहिनी आणि मुलगा नाताळच्या सुमारास येतील. तिथल्या एका जाहिरातीत २०१४ ची स्की-डू कंपनीची स्नोमोबिल (बर्फावर पळणारी, पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा असलेली गाडी) दिसली, फोर-स्ट्रोक ९०० एसीई इंजिन, १७,४०० किलोमीटर, किंमत ५,००० डॉलर. विकणारा म्हणतो, थोडा इसार पाठवा, तुम्ही येईपर्यंत ठेवतो. तर घ्यावी का? आणि बर्फात कामावर जायला तीच वापरली, तर कार पुढच्या वर्षावर ढकलता येईल का?

शेवटचं आधी सांगते. कार ढकलू नका. उत्तर ओंटारियोत रस्त्यावरचा बर्फ यंत्रं लावून बाजूला काढतात, त्यामुळे जानेवारीतही रस्ता चाकांच्या गाडीसाठीच असतो. एका शोल्डरपासून (रस्त्याच्या कडेची पट्टी) दुसऱ्या शोल्डरपर्यंतचा जो साफ केलेला रस्ता, त्यावर स्नोमोबिल फक्त ओलांडण्यापुरती न्यायची, असा नियम आहे. एरवी रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या बाजूने चालवायची. उणे तीसमध्ये पहाटेच्या शिफ्टला अशी कडेकडेने जाऊन बघा म्हणजे कळेल. शिवाय वाणसामान, मुलाची शाळा, डॉक्टर हे सगळं कारनेच होणार. स्नोमोबिल ही हौस आहे. उत्तरेत हिवाळा सुसह्य करणारी हौस, हे मान्य. मी स्वतः चालवते आणि दुसऱ्याला नको म्हणणारी मी कोण! पण हौसेचा नंबर कारनंतर.

इसार अजिबात पाठवू नका. माणूस चांगला असेलही. पण न बघितलेल्या गाडीसाठी दुसऱ्या देशातून पैसे मागणारी जाहिरात हा इथला नेहमीचा गंडवायचा प्रकार आहे. चोरलेले फोटो आणि जरा कमी किंमत, की माणूस घाई करतो. इथे ई-ट्रान्सफरने गेलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य. आणि सेकंडहँड स्लेड (इथे सगळे स्लेडच म्हणतात) बाजारात भरपूर असतात, ही गेली तर दुसरी येईल.

आता सतरा हजारांचं. आपल्याकडे सतरा हजार पळालेली स्प्लेंडर म्हणजे नुकती कुठे मोकळी झालेली गाडी. स्नोमोबिलचं गणित वेगळं आहे. वर्षातून तीन-साडेतीन महिने चालणारं यंत्र, पण चालतं तेव्हा इंजिन बहुतेक वेळ चढ्या आरपीएमवर. टू-स्ट्रोक स्लेड दहा हजारांच्या पुढे गेली की जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न ‘पिस्टन बदललेत का’ हाच विचारतं. फोर-स्ट्रोकची गोष्ट निराळी. स्की-डूने ९०० एसीई आणलं ते २०१४ च्याच मॉडेलांमध्ये. तीन सिलिंडरचं, शांत, तेल न पिणारं इंजिन. वेळच्या वेळी ऑइल बदललं असेल तर अशी इंजिनं तीस हजारांपुढेही जाताना दिसतात. तेव्हा मला तुमच्या जाहिरातीतल्या इंजिनाची फारशी काळजी नाही. काळजी आहे ती इंजिनाभोवतीच्या रबर, प्लॅस्टिक, बेअरिंग आणि स्प्रिंगांची, कारण तीही १७,४०० किलोमीटर पळालेली आहेत आणि जाहिरातीत त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

त्याआधी विकणाऱ्याकडून एक आकडा काढून घ्या: इंजिनाचे तास. स्क्रीनवर किलोमीटरसारखेच तासही दिसतात. समजा ४३० तास आहेत. १७,४०० भागिले ४३०, म्हणजे सरासरी वेग ताशी चाळीसच्या आसपास. मालक ट्रेलवर (स्नोमोबिलसाठी राखलेल्या वाटांवर) लांब लांब जाणारा, इंजिन गरम होऊन एका चालीत चाललेलं. हा उत्तम वापर. पण १,१०० तास निघाले, तर सरासरी सोळाच्या खाली येते. मग तो मासे पकडायला तळ्यावर सामानाची घसरगाडी ओढत गेला असणार, इंजिन चालू ठेवून गप्पा मारल्या असणार, किंवा स्लेड कामाला जुंपलेली असणार. इंजिनाने हजार तास काढलेत, किलोमीटर मात्र सतराच हजार दिसतात. जुन्या गाडीत मीटरच बदललेला असतो, हेही लक्षात ठेवा. हँडलच्या मुठी, सीटचं शिवण आणि पाय ठेवायच्या पट्ट्या आकड्याशी जुळतात का ते बघा.

बघायला जाल तेव्हा आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेट उघडून सायलेन्सरला हात लावा. कोमट लागला तर माणसाने आधीच चालू करून बघितलीय, आणि का, ते विचारा. थंड गाडी थंडीत कशी उठते हीच खरी परीक्षा.

मग मागची बाजू स्टँडवर उचलून घ्या आणि ट्रॅक, म्हणजे गाडी पुढे ढकलणारा रुंद रबरी पट्टा, हाताने फिरवा. हे घाईने करू नका. रबराचे दात कडेने फाटलेत का, दोन दातांच्या मधे आडव्या बसवलेल्या फायबरग्लासच्या सळ्या मोडून बाहेर डोकावतायत का, आतल्या बाजूच्या लोखंडी क्लिपा गायब आहेत का, ट्रॅक फिरताना एका अंगाला सरकतो का. नवा ट्रॅक बसवून घ्यायचा तर हजार डॉलर सहज जातात, म्हणजे पाच हजारांची गाडी तिथेच सहाची झाली. ट्रॅकच्या आत, रुळांखाली प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या असतात. इथे त्यांना हायफॅक्स म्हणतात. ट्रॅक त्यांच्यावरून घसरतो, आणि त्यांना वंगण म्हणून काही नसतं, उडणारा बर्फ हेच वंगण आणि थंड ठेवणारंही तेच. उघड्या, काचेसारख्या बर्फावर किंवा डांबरावर चालवली की त्या तापून वितळतात. पट्टीवर झिजेची खूण असते, ती गाठली असेल तर बदलायच्या. त्या स्वस्त असतात, त्यासाठी सौदा मोडू नका, फक्त भाव पाडा. पण पट्ट्या संपवून रूळच झिजवला असेल, तर मालकाने बाकी कशाचीच निगा राखलेली नाही असं समजा. छोटी बोगी चाकं एकेक करून फिरवा. खरखर आली की बेअरिंग गेलं.

बोगद्यासारखी जी अ‍ॅल्युमिनियमची पाठ, तिच्या आतल्या बाजूला कूलंट थंड करणाऱ्या नळ्या असतात. ट्रॅकला खिळे मारलेले असतील तर त्यांचे ओरखडे तिथे उठतात आणि एक दिवस गळती लागते. टॉर्च मारून बघा. नाकाला गोडसर वास आला तर कूलंट कुठून तरी झिरपतंय.

चेनकेस म्हणजे इंजिनाची ताकद ट्रॅकला पोचवणाऱ्या चेनचा बंद डबा. त्याच्या बुचाला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी पेस्ट दिसली तर ठीक, हाताला टोचणारे तुकडे लागले तर नमस्कार करून परत या. बूच उघडू देणार नाही म्हणाला, तर तेही उत्तरच.

क्लच आणि बेल्ट चालवून बघितल्याशिवाय कळत नाहीत. गिअर नसतात, स्कूटरसारखा बेल्टच दोन पुलींवर वर-खाली सरकतो. सुटताना धक्का, किंचाळी, किंवा थ्रॉटल न देता गाडी पुढे सरकणं यांपैकी काहीही असेल तर क्लचचं काम निघणार, आणि हे काम स्वस्तात होत नाही. समोरची स्की पकडून डावी-उजवीकडे हलवा, ढिली वाटली तर बुश आणि बॉल जॉइंट गेलेत. शॉकवर तेलाचा ओलावा नको.

चावी विसराल म्हणून सांगते. स्की-डूला साधी चावी नसते. दोरीला लावलेली कोडवाली टोपी असते, ती गाडीवर बसवली तरच गाडी चालते, आणि दोरी अंगाला अडकवायची म्हणजे पडलात तर इंजिन बंद. एकच मिळाली तर दुसरी डीलरकडून प्रोग्रॅम करून घ्यावी लागते. ९०० एसीईला वेग मर्यादित ठेवणारी शिकाऊ चावीही चालते. वहिनींना शिकायचं असेल तर ती जरूर घ्या, आणि इको मोडवर ठेवा.

काही जण तुम्हाला सांगतील, त्यापेक्षा २००६ ची फक्त तीन हजार पळालेली टू-स्ट्रोक घे, निम्म्या किमतीत. मी घेणार नाही. वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहिलेली स्लेड म्हणजे चिकट झालेलं पेट्रोल, कडक झालेले सील आणि एअरबॉक्समध्ये उंदरांचं घर. नीट पळालेली गाडी नुसत्या उभ्या गाडीपेक्षा बरी, हे माझं मत आहे आणि इथले बरेच जुने स्लेडवाले त्याला दुजोरा देतील.

कागद. मालकीच्या परमिटवरचा नंबर आणि गाडीच्या पाठीवर कोरलेला नंबर एकच आहे का बघा. त्या नंबरावर कर्जाचा बोजा आहे का याचा शोध प्रांताच्या नोंदणीत थोडक्या फीमध्ये घेता येतो. तो घ्याच, नाहीतर आधीच्या मालकाच्या कर्जात तुमची गाडी जायची. खाजगी खरेदीवर १३ टक्के विक्रीकर तुम्ही नोंदणीच्या वेळी भरता, म्हणजे पाच हजारांवर आणखी ६५० डॉलर. नोंदणी सहा दिवसांत करायची असते. स्वतःच्या जमिनीबाहेर विम्याशिवाय चालवायची नाही. घेण्याआधी विम्याचा भाव काढा, नव्या माणसाला तो जड जातो. ट्रेलसाठी ओंटारियो फेडरेशन ऑफ स्नोमोबिल क्लब्सचा हंगामी परवाना वेगळा, लवकर काढला तर स्वस्त पडतो. त्या पैशांसाठी रडू नका, ते ट्रेल क्लबांचे स्वयंसेवक राखतात, आणि बऱ्याच ठिकाणी तर लोकांच्या खाजगी जमिनीतून, त्यांच्या मर्जीवर. चालवायला वैध ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्नोमोबिलचं वेगळं लायसन्स लागतं. म्हणून निघण्याआधी आरटीओकडून तुमच्या लायसन्सचा अधिकृत इंग्रजी दाखला घेऊन ठेवा. इथे जुना अनुभव धरायला तो उपयोगी पडतो, आणि इथे बसून मागवायचा म्हणजे वैताग.

तळ्यांबद्दल एवढंच: स्लेडसाठी चांगला जाड, स्वच्छ, निळसर बर्फ हवा. पांढऱ्या, ढगाळ बर्फात तेवढी ताकद नसते. पहिल्या हिवाळ्यात तळ्यावर एकट्याने जाऊच नका, स्थानिक माणूस पुढे असला तरच.

आता केव्हा घ्यायची? पहिला बर्फ पडला की भाव चढतात, मार्चअखेर-एप्रिलला उतरतात, आणि टिमिन्सला तेव्हाही चालवून बघण्याएवढा बर्फ बहुधा असतो. माझं ऐकाल तर पहिला हिवाळा क्लबच्या लोकांबरोबर, भाड्याच्या स्लेडवर काढा, चांगलं हेल्मेट आणि थंडीचे कपडे मात्र आधीच घ्या, ते वाया जात नाहीत. गाडी वसंतात.

एवढं सांगूनही हीच आवडली असेल, तर विकणाऱ्याला आजच तीन गोष्टी विचारा: तास किती, बेल्ट आणि चेनकेसचं तेल शेवटचं कधी बदललं, आणि ट्रॅकच्या आतून काढलेले फोटो. तास पाचशेच्या आत असतील आणि फोटो न कुरकुरता आले, तर सप्टेंबरात पोचल्यावर बघायला जा आणि ४,२०० पासून बोलायला सुरुवात करा. हजाराच्या वर असतील तर मला विचारूही नका, सोडून द्या.