घेतला चार्टवर, ठेवला पीईवर

प्रश्न : नमस्कार सर, दीड वर्षापासून शेअर्स घेतोय. एका स्मॉलकॅप केमिकल कंपनीचे ५० शेअर ब्रेकआउट (चार्टवर भाव जुनी अडलेली पातळी ओलांडतो ते) बघून ४१२ ला घेतले, आता भाव २९०. पण पीई (भाव भागिले एका शेअरमागचा वर्षाचा नफा) १४ वर आलाय, म्हणजे स्वस्त मिळतोय ना? फंडामेंटल (कंपनीचे आकडे) बघू की टेक्निकल (चार्ट), अ‍ॅव्हरेज करू का, म्हणजे खालच्या भावात अजून घेऊन सरासरी खरेदी भाव कमी करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी खरं सांगा, ४१२ ला घेताना पीई बघितला होता? नसणारच. चार्टवर घेतला आणि पडल्यावर फंडामेंटल आठवलं, याला दोन्ही एकत्र वापरणं नाही म्हणत, ही पळवाट झाली. (मीपण केलीये, बायको अजून टोमणे मारते.)

त्यात तो १४ चा पीई मागच्या चार तिमाहींच्या नफ्यावर काढलेला असतो, आणि केमिकलमध्ये माल महाग विकला जात होता तेव्हाचा नफा त्यात असेल तर पुढच्या चार रिझल्टमध्ये नफा निम्मा झाला की भाव न हलता तोच पीई २८ दिसायला लागतो.

येस बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये भाव ४०० च्या आसपास, सप्टेंबरात आरबीआयने सीईओंची मुदत कमी केली आणि २१ तारखेला एका दिवसात शेअर पाव भागाहून जास्त पडला. पण तिमाहीचा तोटा, सुमारे १५०० कोटींचा, कागदावर आला एप्रिल २०१९ मध्ये! भाव सात महिने आधीच ओरडत होता, आणि मार्च २०२० मध्ये तर खातेदारांना ५० हजारांच्या वर पैसे काढता येईनात. उलटही होतं बरं का, चार्ट झकास, रोज अप्पर सर्किट (दिवसभरात भाव वाढायची कमाल मर्यादा) आणि विक्री मात्र तीन वर्षं जागच्या जागी, तिथे कंपनीचे हिशेबच वाचवतात.

म्हणून मी कंपनी कागदावरून निवडतो, वेळ चार्टवरून. तुम्ही आत्ता अ‍ॅव्हरेज करू नका. नफ्याच्या मानाने ऑपरेशन्समधून रोकड खरंच येतेय का आणि प्रमोटरचे (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांचे) शेअर कर्जासाठी गहाण किती ते बघा. तिथेच गडबड दिसली तर विकून मोकळे व्हा. ठीक असेल तर भाव मागच्या २०० दिवसांच्या सरासरी भावाच्या वर टिकेपर्यंत थांबा, मग स्टॉपलॉस (तोटा मान्य करून विकायचा भाव) ठरवूनच घ्या, समजा ३४० ला घेऊन ३१० ला बाहेर पडायचं आणि ३००० च्या वर फटका नको तर १०० च शेअर. २९० चा ३४० झाला तर महाग पडेल म्हणाल, पडू दे.

पाच वर्षांचे कॅश फ्लोचे आकडे काढून पाठवा, पुढच्या अंकात बघू.