दिवाळीचा रंग आणि पावसाळ्याची ओल : घरसजावटीविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

कमी खर्चात घर सजवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत ‘यंदा काय घ्यावे?’ असा प्रश्न आहे. घरांच्या अंतर्गत रचनेचे काम इतकी वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ऋतू पालटला की घरात काय आणावे यापेक्षा काय उचलून ठेवावे हे आधी ठरवले, तर निम्मा खर्च तिथेच वाचतो. पुढची उत्तरे याच धोरणाने दिली आहेत.

प्रश्न : दर वर्षी दिवाळीपूर्वी आम्ही दिवाणखान्याची पश्चिमेकडची भिंत रंगवून घेतो आणि पुढच्या श्रावणापर्यंत तिचे पापुद्रे सुटतात. यंदा रंगाऐवजी वॉलपेपर किंवा पीव्हीसीचे पॅनेल लावून टाकावे का? (डोंबिवली)

उत्तर : कृपया दोन्ही लावू नका. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून वाऱ्यासह येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या भिंती चार महिने त्याचा मारा खात असतात. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग असली तरी तिच्यातून पाणी शिरते, विटा ते शोषून घेतात, आणि पाऊस थांबल्यावर तेच पाणी भिंतीतले क्षार बरोबर घेऊन आतल्या बाजूला येते. भिंतीवर जो पांढरा, हाताला लागणारा लोणा दिसतो तो म्हणजे हेच क्षार, आणि रंगाला पापुद्र्यासारखा उचलून धरणारेही तेच. अशा भिंतीवर पॅनेल ठोकले तर ओल दिसेनाशी होते एवढेच. पॅनेलच्या मागे, जिथे वारा नाही आणि उजेड नाही, तिथे बुरशी निवांत वाढत राहते आणि तिचा कुबट वास काही महिन्यांत घरभर पसरतो.

ओल नेमकी कुठून येते हे पाहण्याची एक बिनखर्ची रीत आहे. भिंतीचा कोरडा दिसणारा भाग निवडा, तिथे फूटभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवा. तुकड्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले, तर पाणी भिंतीतून येत आहे आणि दुरुस्ती बाहेरून करावी लागेल. थेंब खोलीकडच्या बाजूला धरले, तर दोष खोलीतल्या कोंदट हवेचा आहे; मग कपाट भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढणे, कपडे आत वाळत न घालणे आणि खिडकी उघडी ठेवणे एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आता रंगाच्या मुहूर्ताविषयी. महाराष्ट्रातून पाऊस परततो तो साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि दिवाळी कधीकधी त्यानंतर आठवडाभरातच येते. चार महिने भिजलेली भिंत तेवढ्यात वाळत नाही. माझ्या स्वतःच्या घरी एका वर्षी पाहुणे यायचे म्हणून मी घाई केली. भिंत वरून कोरडी लागत होती, रंगही सुरेख बसला, आणि संक्रांत येईपर्यंत छतालगत तळहाताएवढे फुगे आले होते. लांबी, प्रायमर आणि दोन हातांचा खर्च वाया गेला. तेव्हापासून मी सर्वांना आग्रहाने सांगते की घर रंगवावे ते गुढीपाडव्याला. फाल्गुनात भिंत वर्षातली सर्वांत कोरडी असते, हात लवकर वाळतो, आणि दिवाळीच्या गर्दीत न मिळणारे रंगारीही सवडीने मिळतात. बाहेरच्या भेगा त्याआधी, हिवाळ्यातच बुजवून घ्याव्यात.

यंदाच्या दिवाळीपुरते सुटलेले पापुद्रे पत्र्याने खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (ओल्या फडक्याने पुसल्यास क्षार पुन्हा आत जातात) आणि ती भिंत मोकळी, वारा लागेल अशी ठेवा. रंगाचे पैसे घराच्या मुख्य दरवाजावर आणि चौकटीवर खर्च करा. दार धुऊन, घासून तेलरंगाचा एक हात दिला आणि त्यावर झेंडूचे तोरण चढवले, की येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

प्रश्न : आमची बैठकीची खोली पश्चिमेला आहे. नवतप्याच्या दिवसांत दुपारी तिथे बसवत नाही. गडद, जाड पडदे घेऊनही उपयोग झाला नाही. एसी परवडणारा नाही. (नागपूर)

उत्तर : पडदे जाड होते, पण ते काचेच्या आत होते. ऊन एकदा काचेतून आत आले की त्याची उष्णता पडद्याला लागते आणि तिथून खोलीतच राहते. ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. बांबूच्या काड्यांचा चिक किंवा बुरुडाकडून विणून घेतलेली साधी तट्टी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला टांगा. आतले गडद पडदे काढून ठेवा आणि त्यांच्या जागी पांढरट सुती कापड लावा.

विदर्भाला आणखी एक सोय उपलब्ध आहे, ती म्हणजे वाळ्याचे पडदे. ओल्या वाळ्यातून जाणारी हवा पाण्याची वाफ करते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच जाते, म्हणून आत येणारी झुळूक गार लागते. हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक. हाच पडदा मुंबईला किंवा रत्नागिरीला लावला तर हवेत आधीच दमटपणा असल्याने वास तेवढा मिळेल, गारवा फारसा मिळणार नाही. पडद्यावर दुपारी दोन-तीन वेळा पाणी शिंपडा, खाली निथळणारे पाणी धरण्यासाठी पसरट परात ठेवा आणि समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी किलकिली ठेवा, कारण हवा बाहेर पडायला वाट नसेल तर ती आतही येत नाही. मृगाच्या आधी तो पडदा कडकडीत वाळवून गुंडाळून ठेवला तर पुढच्या उन्हाळ्यातही कामाला येतो; ओला राहिला तर काळा पडून वाया जातो. खालच्या गालिच्याची आणि मखमली उशांची याच वेळी घडी घाला. फरशी उघडी असली की पायांनाच गारवा कळतो.

घर वरच्या मजल्यावर असेल आणि गच्ची तुमच्या ताब्यात असेल, तर मार्चमध्ये गच्चीला चुन्याचा पांढरा हात द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो. चुना डोळ्यांत उडू नये आणि हातमोजे घातलेले असावेत, एवढी काळजी मात्र घ्या.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो, भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो. घरमालक खिळा ठोकू देत नाहीत. हाताशी पाच हजार रुपये आहेत. सुरुवात कुठून करावी? (पुणे)

उत्तर : सुरुवात दिव्यांपासून करा. भाड्याच्या घरांत छताला बहुधा पांढरा, निळसर उजेडाचा दिवा असतो आणि त्या उजेडात चांगली वस्तूही कळाहीन दिसते. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो. 6500 हा निळसर पांढरा उजेड, 2700 ते 3000 हा पिवळसर, कंदिलासारखा. स्वयंपाकघरात आणि लिहिण्याच्या टेबलापाशी पांढरा राहू द्या. बसण्याच्या आणि झोपण्याच्या जागी पिवळसर दिवा लावा, आणि तो शक्यतो छताला न लावता जमिनीवर किंवा स्टुलावर ठेवायच्या दिव्यात लावा. घर सोडताना हे सारे तुमच्याबरोबर येते.

त्यानंतर पडदे. तयार पडदे घेऊ नका, मांजरपाट घ्या. 4 फूट रुंद आणि साडेचार फूट उंच अशा सर्वसाधारण खिडकीचा हिशेब मांडून दाखवते. चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट हवी, म्हणजे 96 इंच; 48 इंच पन्ह्याचे दोन तुकडे झाले. उंची 54 इंच, वर 6 आणि खाली 6 इंच सोडले की 66, त्यात दुमडीसाठी 8 मिळवले की 74. मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतो, त्याची गुंजाईश धरून प्रत्येक तुकडा दोन मीटरचा घ्यावा. एकूण चार मीटर. कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून, मगच शिंप्याकडे द्या. हा टप्पा गाळला तर पहिल्या धुण्यानंतर पडदा खिडकीच्या वर चढतो. दांडी खिळ्याशिवाय बसते: चौकटीच्या दोन्ही बाजूंना दाबून बसणारी स्प्रिंगची दांडी बाजारात मिळते, आणि मांजरपाटाचे वजन ती सहज पेलते. तेवढी लांब दांडी मिळत नसेल, तर खिडकीच्या गजाला नाडीने बांधलेले पडदेही छान दिसतात. दांडी किंवा नाडी चौकटीच्या आत बसवणार असाल, तर वरचे 6 आणि खालचे 6 इंच हिशेबातून वजा करा.

उरलेल्या पैशांत एक सोलापुरी चादर दिवाणावर, आणि दोन-तीन कुंड्या. एवढ्यावर थांबा. सहा महिने त्या घरात राहून ऊन कुठे पडते, तुम्ही प्रत्यक्षात कुठे बसता, हे पाहा आणि मगच पुढची वस्तू आणा.

प्रश्न : प्लॅस्टिकची फुले आणि वेली धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात. मग ती स्वस्तच नाहीत का? (अहिल्यानगर)

उत्तर : माझ्या मते नाहीत. त्यांच्यावर धूळ बसते, ती धुण्याचा कंटाळा येतो आणि उन्हाने विटलेली वेल वर्षभर भिंतीवर तशीच राहते. श्रावणात तेरडा, दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा, असे हंगामाचे फूल मूठभर आणून पितळी तांब्यात ठेवावे. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरेच. पण ते तीन दिवस तो खरा असतो.

प्रश्न : गणपतीसाठी दर वर्षी तयार मखर आणतो आणि विसर्जनानंतर टाकून देतो. थर्माकोल बंद झाल्यापासून कागदी पुठ्ठ्याची मखरे महाग पडतात. दुसरा टिकाऊ उपाय सांगावा. (चिपळूण)

उत्तर : 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, त्यानंतर पुठ्ठ्याची मखरे वाढली खरी, पण ती भाद्रपदातल्या दमट हवेत वाकतात. एकदाच एक सांगाडा करून घ्या. बुरुडाकडून किंवा सुताराकडून तीन फूट रुंद, अडीच फूट खोल आणि चार फूट उंच अशी, सांधे सुटणारी बांबूची किंवा लाकडी पट्ट्यांची चौकट बनवून घ्या. तिच्यावरचे कापड दर वर्षी वेगळे. आजीची नऊवारी असेल तर सुमारे आठ मीटर कापड हाताशी आहे. ते न कापता, फक्त चुण्या घालून आणि टाचण्या न टोचता नाडीने बांधले, तर विसर्जनानंतर पुन्हा लुगडे म्हणून घडीत जाते. एखाद्या वर्षी मागच्या बाजूला खणाचे कापड लावा, एखाद्या वर्षी साधे पांढरे धोतर आणि त्यावर आंब्याचे टाळे.

कोकणाला आणि गोव्याला तर सजावटीची आपली स्वतःची रीत आहे. मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला सुपारीचे घड, नारळ, कवंडळे, काकड्या, आंबाडे, रानफुले असे त्या पंधरवड्यात मिळणारे जिन्नस बांधायचे. गोव्यात या माटोळीच्या स्पर्धाही होतात. कवंडळाचा शेंदरी रंग आणि कच्च्या सुपारीचा हिरवा शेजारी शेजारी आले की विजेच्या माळांची आठवण होत नाही. वजन मात्र बरेच भरते, म्हणून चौकट कड्यांना सुंभाने पक्की बांधा. समई आणि निरांजन कापडापासून हातभर लांब ठेवा.

हाच सांगाडा चैत्रगौरीच्या आरासीला पायऱ्यांच्या मागे उभा राहतो, तेव्हा त्याचा खर्च वर्षातून दोनदा वसूल होतो.

प्रश्न : आईच्या जुन्या सुती साड्या पुष्कळ आहेत. टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत. थंडीसाठी त्यांचे काही करता येईल का? शिवाय ऋतूप्रमाणे बदलायच्या या साऱ्या वस्तू लहान घरात ठेवायच्या कुठे? (कोल्हापूर)

उत्तर : वाकळ शिवून घ्या. तुमच्या भागात ती शिवणाऱ्या बायका अजून आहेत आणि हे काम त्यांना योग्य मोबदला देऊन करून घ्यावे. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या निवडा. सिंथेटिक साड्या थरात सरकतात आणि घाम टिपत नाहीत. मध्ये पाच-सहा थर असले तर थंडीला पुरते, दोन-तीन थरांची उन्हाळ्यात अंथरायला चालते. वरच्या बाजूला आईची सर्वांत आवडती साडी येऊ द्या आणि काठ कडेने राहतील असे सांगा. बोटभर अंतरावरच्या धावदोऱ्याच्या ओळींमुळे कापडावर ज्या बारीक लाटा उठतात, त्या दिवसा उशाशी घडी घालून ठेवल्यावरही दिसतात. पलंगाला वेगळ्या सजावटीची गरज राहत नाही. ही वाकळ डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेच्या खिडकीपाशी अंथरा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दुपारचे ऊन त्या खिडकीतून आतपर्यंत येते. उन्हाळ्यात तो डोक्यावर असल्याने हेच ऊन सज्जावरच अडते. वर्षभर दुर्लक्षित असलेला तो कोपरा थंडीत घरातली सर्वांत हवीहवीशी जागा होतो. ऊन लागून रंग उडू नये म्हणून अधूनमधून बाजू पालटा.

साठवणीसाठी एकच पत्र्याची ट्रंक किंवा पलंगाखालचा एकच कप्पा ठरवा. त्यात मावेल तेवढेच ठेवायचे. नवे आत जाताना जुने काहीतरी बाहेर निघाले पाहिजे. कापड ठेवण्याआधी दिवसभर कडक उन्हात घाला, मग सावलीत निवू द्या, कारण गरम कापडाची घडी घातली तर आत दमटपणा धरतो. तळाशी वर्तमानपत्र, घड्यांच्या मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि त्यावर कोणती वस्तू कोणत्या महिन्यात बाहेर काढायची ते लिहा: वाळ्याचा पडदा चैत्रात, मखराचे कापड श्रावणाच्या शेवटी, वाकळ कोजागरीनंतर. मृगाच्या आधीचा एक रविवार ट्रंक पूर्ण रिकामी करून उन्हात ठेवण्यासाठी राखून ठेवा.