‘मला घरी जायचे आहे’ म्हणणारे मूल : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात शॅरन गस्किन यांच्या ‘द फर्गेटिंग टाईम’ या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेत आहे. ज्यांच्या वाचनात कादंबरी आलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमध्ये मुलाला एकटीने वाढवणाऱ्या जेनीचा चार वर्षांचा नोआ पाण्याला इतका घाबरतो की त्याला आंघोळ घालणेही अशक्य होऊन बसते. तो स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचे आहे’ म्हणतो आणि आपली दुसरी आई मागतो. डॉक्टरांकडे खेटे घालून थकलेली जेनी शेवटी जेरोम अँडरसन या मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचते. अँडरसन यांचे आयुष्य पूर्वजन्माविषयी बोलणाऱ्या मुलांच्या अभ्यासात गेले आहे, आणि आता एका मेंदूविकारामुळे त्यांना स्वतःलाच शब्द सापडेनासे झाले आहेत. दुसरीकडे डेनिस नावाची एक आई आहे, जिचा टॉमी हा मुलगा काही वर्षांपूर्वी बेपत्ता झाला. नोआ जे आयुष्य आपले म्हणून सांगतो ते या टॉमीचे.

प्रश्न : डॉ. अँडरसन ही खरी व्यक्ती आहे का? प्रकरणांच्या मध्ये येणारे उतारे लेखिकेने रचलेले आहेत की ती खरी टिपणे आहेत? (निवृत्त मुख्याध्यापिका, नाशिक)

अँडरसन कल्पित आहेत. उतारे मात्र खरे आहेत. ते अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. जिम टकर यांच्या पुस्तकातून घेतलेले आहेत. टकर यांनी ज्यांचे काम पुढे चालवले ते डॉ. इयन स्टीव्हन्सन १९१८ साली मॉन्ट्रियल येथे जन्मले आणि १९५७ पासून त्याच विद्यापीठात मानसोपचार विभागाचे प्रमुख होते. १९६१ साली ते प्रथम भारतात आले, गावोगाव फिरून त्यांनी मुलांच्या, आईवडिलांच्या आणि शेजाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९६६ साली वीस प्रकरणांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विसांतील सात प्रकरणे भारतातील होती. झेरॉक्स यंत्रामागील तंत्र शोधणारे चेस्टर कार्लसन यांनी या कामासाठी मृत्युपत्रात दहा लाख डॉलर ठेवले होते. २००७ साली स्टीव्हन्सन यांचे निधन झाले तेव्हा सुमारे अडीच हजार प्रकरणांच्या नोंदी जमा झालेल्या होत्या. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सतवंत पसरिचा यांनी याच विषयावर दीर्घकाळ काम केले.

या नोंदींतून जे चित्र उभे राहिले त्याचाच सांगाडा कादंबरीला लाभला आहे. मुले साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात असे बोलू लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान ते बोलणे आपोआप थांबते. ज्या व्यक्तीचे आयुष्य ती सांगतात तिचा मृत्यू पुष्कळदा अकाली किंवा हिंसक झालेला असतो, आणि मृत्यूच्या कारणाशी जुळणारी भीती मुलात दिसते. नोआचे पाण्याला घाबरणे येथूनच आले आहे. स्टीव्हन्सन यांनी आपल्या प्रकरणांना पुनर्जन्माचा पुरावा म्हटले नाही. ती पुनर्जन्म सुचवणारी आहेत, एवढ्यावरच ते थांबले. हा संयम कादंबरीतील अँडरसनमध्येही उतरला आहे, आणि मला ते पात्र आवडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

प्रश्न : आपल्या समाजात अंधश्रद्धेने इतकी घरे उद्ध्वस्त केलेली असताना अशा कादंबरीला आपण पाने का देता? ‘संशोधन’ म्हटले की लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. (अभियंता, पुणे)

आपला राग मला योग्य वाटतो, कारण या विषयाचा गैरवापर ही महाराष्ट्रात ऐकीव गोष्ट नाही. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात जी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत, त्यांत ‘मागच्या जन्मी तू माझी पत्नी होतीस’ असे भासवून लैंगिक संबंध ठेवण्याचाही समावेश आहे. कायद्याला ही गोष्ट इतकी स्पष्ट लिहावी लागली, यातच सगळे आले.

संशोधनाविषयीच्या आपल्या शंकेला मी पुस्ती जोडतो. या प्रकरणांचा सर्वांत कच्चा दुवा असा की, अभ्यासक पोचतात तेव्हा बहुतेक वेळा मुलाचे कुटुंब आणि मृत व्यक्तीचे कुटुंब यांची भेट होऊन गेलेली असते. त्यानंतर मूल आधी नेमके काय म्हणाले होते आणि भेटीनंतर घरच्यांच्या बोलण्यातून त्यात काय मिसळले, हे वेगळे काढणे फार अवघड होते. मुलाची विधाने पडताळणीच्या आधीच लिहून ठेवलेली आहेत अशी प्रकरणे फार थोडी आहेत. आठवण किती सहज घडवता येते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. ‘लहानपणी तुम्ही एका मोठ्या बाजारसंकुलात हरवला होता’ ही खोटी हकीकत त्यांनी २४ जणांना घरच्यांच्या हवाल्याने सांगितली, आणि सुमारे एक चतुर्थांश लोकांना ती पूर्ण किंवा अंशतः ‘आठवली’. हे सगळे प्रौढ होते.

दुसरा आक्षेप मला याहून वजनदार वाटतो, आणि त्याची सामग्री स्टीव्हन्सन यांच्याच नोंदींत आहे. लेबनॉनमधील द्रूझ समाज मानतो की जीव स्त्रीचा पुरुष किंवा पुरुषाची स्त्री होत नाही. तेथे लिंगबदलाची प्रकरणे सापडली नाहीत. ब्रह्मदेशात असा बदल शक्य मानला जातो. तेथे ती पुष्कळ सापडली. म्हणजे त्या समाजाची जी श्रद्धा, तिच्या साच्यातच मुलांच्या आठवणी बसतात. पुनर्जन्म हा निसर्गाचा नियम असेल तर तो सीमा ओलांडताच का बदलावा, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

नागपूरचे प्रकरणही येथे आठवते. १९७४ साली तेथील एक सुशिक्षित, मराठीभाषक स्त्री, वय बत्तीस, अचानक स्वतःला शारदा म्हणवून घेऊन बंगाली बोलू लागली आणि घरच्यांना ओळखेनाशी झाली. आपण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमध्ये होतो आणि सर्पदंशाने गेलो, असे ती सांगे. स्टीव्हन्सन आणि पसरिचा यांनी त्याचा अभ्यास केला. मराठी अभ्यासक वि. वा. अकोलकर यांनीही त्यावर सविस्तर लिहिले. पुढे असेही समोर आले की तिला बंगालविषयी आधीपासून ओढ होती आणि बंगाली वाचनाचे थोडे धडे तिने घेतले होते. एवढ्याने सगळा उलगडा होतो असे मी म्हणणार नाही. पण ही माहिती वगळून ते प्रकरण सांगितले जाते तेव्हा ऐकणाऱ्याची फसवणूक होते.

तरीही कादंबरीला पाने दिली, याचे कारण कादंबरीतच आहे. अँडरसन, जेनी आणि नोआ आधी चुकीच्या घरी जातात. तेथे मुलगा गमावलेली एक स्त्री आहे, आणि या परक्या माणसांनी तिच्या दारात आणलेली आशा तिला किती क्रूर वाटते, हे लेखिका न लपवता दाखवते. अंधश्रद्धेचा प्रचार करणारे लेखन असा प्रसंग लिहीत नाही, कारण त्यात चमत्कार कधी चुकत नाही. येथे तो चुकतो, आणि त्याची किंमत एका आईला मोजावी लागते.

प्रश्न : पुनर्जन्म आपल्याला बाळकडूतूनच मिळालेला आहे. मग अमेरिकन लेखिकेच्या या कथेत मराठी वाचकासाठी नवीन ते काय? (वाचक, कोल्हापूर)

पुनर्जन्म मानणे आणि तो आठवणारे मूल घरात असणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की तुझे आणि माझे अनेक जन्म होऊन गेले. ते सर्व मी जाणतो, तू जाणत नाहीस. म्हणजे परंपरेतही विस्मरण हाच माणसाचा नेहमीचा धर्म आहे, आणि स्मरण हा अपवाद. हा अपवाद घरात आला की आपल्याकडची कुटुंबेही गांगरतात. मागचा जन्म आठवणारे मूल फार जगत नाही, असा समज उत्तर भारतात अनेक ठिकाणी आहे, आणि त्यामुळे मुलाला गप्प करण्याचे प्रयत्न होतात, हे पसरिचा व स्टीव्हन्सन यांनीच नोंदवले आहे.

शिवाय आपल्याकडे अशा आठवणीत जातही येते. मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका जाट कुटुंबातला साडेतीन वर्षांचा मुलगा १९५४ साली देवीच्या आजारातून वाचला आणि आपण दुसऱ्या एका गावातील ब्राह्मणाचा मुलगा आहोत असे म्हणत त्याने घरचे अन्न नाकारले. अखेर शेजारच्या ब्राह्मण बाईने त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला. आईने रांधलेले ताट मुलाने दूर लोटायचे आणि कारण काय, तर तिची जात! या आईवर मराठीत कादंबरी लिहिली जावी असे मला फार वाटते. जेनीला निदान एवढे तरी सोसावे लागत नाही.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी अधूनमधून ‘माझ्या आधीच्या घरी’ असे म्हणते. कादंबरी वाचल्यापासून मला झोप लागत नाही. मी तिला अधिक विचारावे का? (ठाणे)

ताई, आधी एक गोष्ट मनावर घ्या : या वयातील मुले कल्पना, ऐकलेले, टीव्हीवर पाहिलेले आणि स्वप्न यांची सरमिसळ सहज करतात, आणि अधूनमधून असे एखादे वाक्य बोलणे हे आजाराचे लक्षण नाही. आइसलँडचे मानसशास्त्रज्ञ एर्लेंदुर हाराल्डसन यांनी श्रीलंकेतील अशा मुलांच्या चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांचा शब्दसंग्रह आणि स्मरणशक्ती इतर मुलांपेक्षा चांगलीच आढळली होती. काही मुलांत भीती आणि ताण अधिक दिसला, हेही खरे. म्हणून मुलगी घाबरत असेल, झोपेतून दचकून उठत असेल किंवा जेवण-खेळ सोडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना अवश्य दाखवा.

अधिक विचारू नका. ‘तिथे कोण होते, नाव काय, कसे मेलात’ असे प्रश्न विचारले की मूल आपल्याला खूश करण्यासाठी उत्तरे रचू लागते, आणि काही दिवसांनी त्या उत्तरांवर त्याचा स्वतःचाच विश्वास बसतो. ती बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे, हवे तर तिच्या नकळत तारखेसह लिहून ठेवावे, रागावू नये आणि कौतुकही करू नये. ‘आता हे तुझे घर आहे आणि मी तुझी आई आहे’ एवढे तिला प्रेमाने सांगावे. पाहुण्यांसमोर तिच्याकडून ते वदवून घेऊ नये आणि मोबाइलवर चित्रित करून तर मुळीच पाठवू नये.

शेवटची सूचना मी आग्रहाने करतो, कारण शांतीदेवीचे उदाहरण समोर आहे. १९२६ साली दिल्लीत जन्मलेली ही मुलगी मथुरेत आपला नवरा आणि मुलगा आहे असे सांगू लागली. मथुरेतील ज्या लुगडीदेवीचे आयुष्य ती आपले म्हणून सांगे, ती १९२५ साली बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत वारली होती. लुगडीचा पती केदारनाथ दिल्लीला येऊन तिला भेटून गेला. आणि त्यानंतर नोव्हेंबर १९३५ मध्ये पंधरा जणांची समिती तिला आगगाडीने मथुरेला घेऊन गेली. प्रकरणाची चर्चा महात्मा गांधींपर्यंत पोचली होती. वाद आजही याच क्रमावर होतो की भेट आधी झाल्यामुळे तिने ओळखलेल्या माणसांना किती महत्त्व द्यायचे. मला मात्र त्या वादापेक्षा त्या नऊ वर्षांच्या मुलीचीच अधिक काळजी वाटते. गर्दी, वर्तमानपत्रे, समिती, आणि समोर एक प्रौढ पुरुष, ज्याला ती आपला नवरा म्हणते! शांतीदेवींनी पुढे लग्न केले नाही. १९८७ साली त्यांचे निधन होईपर्यंत संशोधक आणि पत्रकार त्यांच्याकडे तीच कहाणी ऐकायला येत राहिले. आपल्या मुलीला विसरण्याची मोकळीक मिळू द्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. मैत्रिणीने दिलासा म्हणून ही कादंबरी दिली. मला दिलासा मिळाला नाही, उलट डेनिसचा राग आला. माझे काही चुकते आहे का? (मडगाव)

आपले काहीही चुकलेले नाही. डेनिसला स्वतःलाही आधी रागच येतो. परक्याचे मूल समोर उभे राहून आपल्याला आई म्हणते, तेव्हा तिला दार लावून घ्यावेसेच वाटते, कारण त्याच्यावर विश्वास ठेवणे म्हणजे टॉमी परत येणार नाही हे स्वीकारणे. इतकी वर्षे मुलाची वाट पाहत जगलेल्या बाईकडून हे मागणे फार मोठे आहे, आणि लेखिकेने पुढे तिला काहीसे लवकर शांत केले आहे, असे माझेही मत आहे. नोआ हळूहळू विसरणार, हे कादंबरीला जेनीच्या बाजूने सुटकेसारखे वाटते. डेनिसच्या बाजूने पाहिले तर तेच दुसऱ्यांदा मूल गमावणे आहे, आणि त्यासाठी कादंबरीने पुरेशी जागा ठेवलेली नाही. आपल्याला राग येतो आहे तो बहुधा या अपुऱ्या जागेचा.

ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांना हे पुस्तक दिलासा म्हणून देऊ नये, असे आपल्या पत्रानंतर मला ठामपणे वाटते, आणि मागील अंकातील लेखात ही सूचना असायला हवी होती. आपण मैत्रिणीला तसे सांगू शकता. तिने प्रेमानेच दिले असणार. पुस्तक अर्धवट ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा. आणि आपल्या मुलाविषयी, तो कसा होता याविषयी, कधी लिहावेसे वाटले तर संपादकीय पत्त्यावर जरूर लिहा; ते छापण्यासाठी नसले तरी मी वाचीन आणि उत्तर देईन.